शिकविणाऱ्यांची परीक्षा

दरवर्षी पावसाळा ओसरला की आमच्या धर्मग्रामाच्या हायस्कुलात पाहुणे येतात. हाती गुंडाळलेले तक्ते, बगलेत पाठ-टाचणांची वही, पिशवीत रंगीत खडू आणि चेहऱ्यावर लपविता न येणारी भीती, ही त्यांची ओळख. हे पाहुणे म्हणजे शिक्षणशास्त्र महाविद्यालयाचे छात्राध्यापक. बी.एड.ची पदवी मिळण्यापूर्वी त्यांस खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांपुढे पाठ घ्यावे लागतात, आणि त्यासाठी आमच्यासारख्या शाळांनी आपले वर्ग त्यांच्या स्वाधीन करावयाचे असतात. मुलांस या पाहुण्यांचे मोठे अप्रूप. नेहमीच्या गुरुजींपेक्षा हे कमी रागावतात आणि चित्रे अधिक दाखवितात, एवढे मुलांनी केव्हाच हेरलेले असते.

शाळेचे व्यवस्थापक या नात्याने आम्ही सवड मिळेल तेव्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. मागील वर्षी एकाच दिवशी आम्ही असे दोन पाठ पाहिले. त्या दोन पाठांनी आम्हांस जो विचार करावयास लावला, तो आमच्या वाचकांपुढे, विशेषतः ज्यांची मुले शाळेत जातात आणि ज्यांच्या घरचे कोणी शिक्षक होऊ इच्छिते त्यांच्यापुढे, ठेवावा असे वाटते.

दोन पाठ

पहिला पाठ नववीच्या वर्गात विज्ञानाचा होता. विषय होता पाण्यातील वस्तूंवरील उत्प्लावक बल. तरुण छात्राध्यापक मोठा तरतरीत. काचेचे पात्र, लाकडाचा ठोकळा, लोखंडी खिळा, मोठ्या अक्षरांचा तक्ता, सारे जागच्या जागी. त्याने प्रश्न विचारावा आणि पंधरा हात वर व्हावेत. उत्तर यावे ते पुस्तकी शब्दांत, एकही चूक नाही. फळ्यावरील अक्षर मोत्यासारखे. पाठाच्या साऱ्या पायऱ्या वेळेत पूर्ण झाल्या आणि गृहपाठ सांगून होताच घंटा वाजली. मागे बसलेल्या निरीक्षकांनी ५० पैकी ४३ गुण दिले.

मधल्या सुटीत व्हरांड्यात चार-पाच मुले आम्हांस भेटली. आम्ही सहज विचारले, "लोखंडाचा खिळा बुडाला, मग लोखंडाचे एवढे मोठे जहाज कसे तरंगते?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी एक मुलगा निरागसपणे म्हणाला, "फादर, हा प्रश्न काल सरांनी सांगितला नव्हता." अधिक विचारता कळले की आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर सारे प्रश्न व सारी उत्तरे मुलांकडून घोकून घेण्यात आली होती.

दुसरा पाठ आठवीच्या वर्गात, गणिताचा. विषय सरासरी. शिकविणारी मुलगी आमच्याच धर्मग्रामातील, एका सुताराची कन्या. तिने फळ्यावर एका घरातील पाच माणसांची वये लिहिली: ६८, ४२, ३८, १४ आणि ८. बेरीज १७०, भागिले ५, सरासरी वय ३४. इतक्यात कोपऱ्यातील एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, पण त्या घरात ३४ वर्षांचे कोणीच नाही. मग हे ३४ कोणाचे?"

वर्ग हसला. परंतु ती हसली नाही. क्षणभर थांबून तिने टाचणाची वही मिटली, खडूंची पेटी उघडली आणि पाच मुलांस पुढे बोलावून त्यांच्या हाती ९, १, ५, २ आणि ३ असे खडू दिले. "आता कोणाचेही न तोडता सर्वांचे सारखे करा." मुलांनी देवाण-घेवाण करून प्रत्येकाकडे ४ खडू आणले. "आधी कोणाकडे ४ होते का?" कोणाकडेच नव्हते. तो कोपऱ्यातील मुलगा बराच वेळ खडूंकडे पाहात राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ३४ हे कोणाचे वय नाही, सगळ्यांचे सारखे केले तर येईल तेवढे." त्याच वेळी घंटा झाली. उपयोजनाची पायरी राहिली, पुनरावलोकन राहिले, गृहपाठ राहिला. निरीक्षकांनी लिहिले: पाठ अपूर्ण, फलक-लेखन विस्कळीत, नियोजनाचा अभाव. ५० पैकी २९.

सुताराचा प्रश्न

त्या संध्याकाळी मुलीचे वडील आमच्याकडे आले. मुलगी घरी रडत होती; हे काम आपल्याला जमावयाचे नाही, असे तिने ठरवून टाकले होते. घडलेली हकीकत आम्ही त्यांस सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांच्या साध्या बोलीत म्हणाले, "फादर, आम्ही खुर्ची केली तर गिऱ्हाईक आधी बसून बघतंय, मग पैसे देतंय. रंधा कसा धरला, ते कोण विचारीत नाही. हितं पोरं शिकली का नाही, ते बघतंय कोण?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही. पुढे काही महिने आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले, दोन-तीन जाणत्या प्राध्यापकांशी बोललो, आणि सुताराच्या या प्रश्नामागे किती मोठा इतिहास आहे हे ध्यानी आले.

शिक्षकास शिकविण्याचे शिक्षण द्यावे लागते, ही कल्पना फार जुनी नाही. संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांनी १६८५ साली फ्रान्समधील रीम्स येथे खेड्यांतील शिक्षक तयार करण्यासाठी एक संस्था काढली. युरोपातील पहिल्या अध्यापक विद्यालयांत तिची गणना होते. १९५० साली बाराव्या पायस महाराजांनी त्यांस शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्यांच्या परंपरेत नवशिक्या शिक्षकांच्या घडणीसाठी जे नियम तयार झाले, त्यांत नवख्यांच्या अंगचे कोणते दोष काढून टाकावयाचे याची एक यादी आहे, आणि त्या यादीच्या अगदी प्रारंभी आहे बोलण्याची खाज. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांस आमच्या आजच्या वर्गांची किती अचूक कल्पना होती, हे पाहून नवल वाटते.

पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हर्बार्ट या तत्त्वज्ञाच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या ठरविल्या. पूर्वतयारी, विषय-सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन ही ती पंचपदी. नव्या विचाराने मनातील जुन्या विचाराशी नाते जोडावे, हा तिचा मूळ हेतू उत्तम होता. परंतु आमच्या अध्यापक विद्यालयांत ती पोहोचली आणि हळूहळू तिची पूजाविधीसारखी स्थिती झाली. पायऱ्या झाल्या म्हणजे पाठ झाला, असे समजण्यात येऊ लागले. सुताराच्या मुलीचे गुण गेले ते याच पायऱ्यांवर. गंमत अशी की जुन्या विचाराशी नव्याची गाठ घालण्याचे हर्बार्टचे काम त्या दिवशी तिनेच केले होते.

बडोद्याची छत्तीस मिनिटे

हा विषय केवळ पाश्चात्यांचा आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्या बडोदेकर वाचकांस सांगावयास आनंद वाटतो की भारतात अध्यापनकौशल्यांचा जो शास्त्रशुद्ध अभ्यास झाला, त्यात त्यांच्या नगरीचा वाटा मोठा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या नावाने १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातून, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास निघालेले सूक्ष्म अध्यापनाचे तंत्र भारतीय परिस्थितीस जुळवून घेण्याचे काम झाले. बी. के. पासी यांचे यावरील पुस्तक १९७६ साली निघाले. पुढे इंदूरच्या विद्यापीठातही त्यांनी कार्य केले.

सूक्ष्म अध्यापनाची कल्पना सोपी आहे. चाळीस मुलांपुढे सबंध पाठ घेण्याऐवजी पाच-दहा जणांपुढे, एकच कौशल्य घेऊन, थोडा वेळ शिकवावे. प्रश्न विचारणे हे एक कौशल्य, उदाहरण देणे हे दुसरे, मुलाच्या उत्तराचे कौतुक करून त्यास पुढे नेणे हे तिसरे. भारतीय पद्धतीत याचे वेळापत्रक असे आहे: ६ मिनिटे शिकवावयाचे, ६ मिनिटे इतरांनी काय पाहिले ते ऐकावयाचे, १२ मिनिटे पुन्हा योजना करावयाची, ६ मिनिटे पुन्हा शिकवावयाचे आणि ६ मिनिटे पुन्हा ऐकावयाचे. एकूण ३६ मिनिटे. यातील शिकविण्याची मिनिटे केवळ १२ आहेत, आणि उरलेली २४ ऐकण्याची व विचार करण्याची आहेत, हे वाचकांच्या लक्षात येईलच. सगळे मर्म तेथे आहे. पहिला प्रयत्न चुकावयाचाच, हे येथे गृहीत धरले आहे. परीक्षा आहे ती चुकीतून काय शिकलो याची.

त्याच काळातील नेड फ्लँडर्स या अमेरिकन संशोधकाची पद्धतीही येथे सांगण्यासारखी आहे. निरीक्षकाने वर्गात बसून दर ३ सेकंदांनी एक आकडा मांडावयाचा. वर्गातील व्यवहाराचे त्यांनी १० प्रकार केले: ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ मुलांच्या बोलण्याचे आणि १ शांततेचा अगर गोंधळाचा. पुष्कळ वर्गांचे निरीक्षण करून त्यांनी एक ढोबळ नियम सांगितला. वर्गातील सुमारे दोन तृतीयांश वेळ कोणी ना कोणी बोलत असते, आणि त्या बोलण्यातील सुमारे दोन तृतीयांश बोलणे शिक्षकाचे असते. ला साल यांच्या यादीतील पहिला दोष असा आकड्यांत सापडला! आम्ही स्वतः प्रवचनकार असल्याने हा नियम वाचून थोडे ओशाळलो, हेही प्रांजळपणे सांगतो.

गुण कशाचे?

ही सारी साधने हाती असता आजची बी.एड.ची परीक्षा कशाचे मोजमाप करते? एक लेखी परीक्षा असते. तीत मानसशास्त्राची व शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाची उत्तरे लिहावयाची. त्यावरून उमेदवारास शिकविण्यासंबंधी काय माहीत आहे हे कळते; त्यास शिकविता येते की नाही हे कळत नाही. पोहण्यावरील निबंध उत्कृष्ट लिहिणारा बुडू शकतो. मग पाठ असतात. त्यांत उमेदवार काय करतो हे दिसते, परंतु तयारीने केलेल्या एका दिवशी. शेवटी वह्या, अहवाल व अंतर्गत गुण असतात. ते बहुधा उदार हस्ते दिले जातात, कारण कमी गुण दिले तर पुढील वर्षी आपल्या महाविद्यालयात कोण येणार, ही चिंता संस्थेस असते.

२०११ पासून केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी ती आहे. १५० मिनिटांत १५० प्रश्न, आणि उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण. पदवी हाती असलेले बहुसंख्य उमेदवार पहिल्या काही वर्षांत तीत अनुत्तीर्ण झाले, तेव्हा महाविद्यालयांच्या गुणपत्रकांवरील शंका साऱ्या देशास दिसली. तथापि हीही परीक्षा कागदावरचीच. कोपऱ्यातील मुलगा उठून "हे ३४ कोणाचे?" असे विचारील, तेव्हा शिक्षक काय करील, हे तिला कळणे शक्य नाही.

निरीक्षकांवर सारा दोष टाकणे मात्र अन्यायाचे होईल. एका दिवसात दोन-तीन शाळा आणि पाच-सहा पाठ, हाती एक छापील तक्ता, आणि प्रत्येक पाठास मिळणारी जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. अशा माणसास जे चटकन दिसते त्यासच तो गुण देणार. आणि चटकन दिसतात ते फळ्यावरील अक्षर, तक्ता व आवाज. शिवाय गुण देणाऱ्या माणसांत एकवाक्यता नसते, हेही जुनेच सत्य आहे. १९१२ व १९१३ साली स्टार्च व एलियट या अमेरिकन संशोधकांनी एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली. इंग्रजीच्या एकाच पत्रिकेस मिळालेल्या गुणांत ३० हून अधिक गुणांचे अंतर पडले. भूमितीत तरी असे होणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी भूमितीची पत्रिका पाठविली, तेव्हा ते अंतर ६० हून अधिक झाले. लिहिलेल्या, न हलणाऱ्या कागदाची ही गत. मग चाळीस जिवंत मुलांपुढे चाललेल्या पाठाची काय सांगावी?

आमची एक सही

येथे आम्हांस स्वतःच्या एका अपराधाची कबुली दिली पाहिजे.

महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. त्याने २०१२ साली अहवाल दिला. शिक्षक-प्रशिक्षणाची दुरवस्था त्यात मांडलेली आहे. त्यानंतर २०१४ चे नियम आले आणि २०१५ पासून बी.एड.चा अभ्यासक्रम एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला. या नियमांतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शाळेतील आंतरवासिता. पहिल्या वर्षी ४ आठवडे व दुसऱ्या वर्षी १६ आठवडे, असे २० आठवडे छात्राध्यापकाने शाळेत राहावयाचे, आणि त्या काळात ९० टक्के उपस्थिती आवश्यक. एखाद-दुसरा पाठ घेऊन पळून न जाता शाळेचे सारे जीवन अनुभवावे, हा त्यामागील हेतू.

काही वर्षांपूर्वी एक तरुण आमच्याकडे आला. घरची गरिबी, दिवसा दुकानात काम केल्याविना चूल पेटणे कठीण. सोळा आठवडे शाळेत बसणे त्यास शक्य नव्हते. तो म्हणाला, "फादर, नुसती सही हवी आहे. कॉलेजात कोणी विचारीत नाही." आम्हांस त्याच्या आईचे कष्ट ठाऊक होते. आम्ही सही केली. उपस्थिती पूर्ण, वर्तन उत्तम, अध्यापन समाधानकारक! या तीन शब्दसमूहांपैकी केवळ मधला खरा होता.

तो उत्तीर्ण झाला. दूरच्या एका खाजगी शाळेत त्यास नोकरी लागली. पुढील नाताळात भेटावयास आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "फादर, पहिल्या दहा मिनिटांत माझे सगळे संपते," तो म्हणाला. "मग अर्धा तास काय करू ते कळत नाही. मुले गोंगाट करतात, मी ओरडतो. परवा एकाला मारले." हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. आम्ही त्याच्यावर दया केली असे आम्हांस वाटले होते. वस्तुतः ती दया आम्ही दुसऱ्यांच्या खर्चाने केली होती. ज्या मुलांस आम्ही कधी पाहिले नाही आणि ज्यांच्या आईबापांनी त्या शाळेची फी भरली, त्यांच्या खर्चाने. त्या तरुणाचेही भले झाले नाही ते नाहीच. त्यास खरी मदत करावयाची होती, तर त्या सोळा आठवड्यांची घरची अडचण दूर करावयास हवी होती. धर्मग्रामाच्या निधीतून ते होण्यासारखे होते. परंतु सही करणे सोपे होते.

खुर्चीवर बसून पाहणे

मग शिक्षकाची परीक्षा घ्यावी तरी कशी? सुताराचे उत्तर स्पष्ट आहे: मुले शिकली का ते पहा. यात सत्याचा मोठा अंश आहे. तथापि मुले म्हणजे लाकूड नव्हे. कोणी उपाशी येते, कोणाच्या घरी दिवा नाही, कोणाचे मागील चार इयत्तांचे गणितच कच्चे राहिलेले असते. एका पाठानंतर मुलांस किती आले यावरच नवख्या शिक्षकास पास-नापास केले, तर ज्यास हुशार वर्ग मिळाला तो भाग्यवान ठरेल. शिवाय गुणांसाठी मुलांकडून घोकून घेण्याची जी युक्ती विज्ञानाच्या पाठात आम्ही पाहिली, तीच सर्वत्र बोकाळेल.

म्हणून मुले काय शिकली हे तर पहावेच, पण शिक्षकास त्याची जाणीव आहे की नाही, हेही पहावे. पाठ संपल्यावर निरीक्षकाने तीन प्रश्न विचारावेत. आजचा पाठ कोणाकोणास कळला नाही? हे तुला कशावरून समजले? उद्या त्यांच्यासाठी काय करशील? या प्रश्नांची उत्तरे घोकून देता येत नाहीत. मुलांच्या वह्या उघडूनच ती द्यावी लागतात. त्यासोबत मुलांच्या पाच-सहा वह्या जोडाव्यात, उत्तम, मध्यम व कच्च्या. कशास किती गुण हे पूर्वीच शब्दांत लिहून उमेदवाराच्या हाती द्यावे. एकाच पाठावर निकाल न लावता निरनिराळ्या दिवशी, शक्य तर न कळविता, तीन-चार वेळा पहावे. आणि ज्या शिक्षकाच्या वर्गात तो सोळा आठवडे राहिला, त्या शिक्षकाच्या मतास मान द्यावा. आज त्या बिचाऱ्याची सहीच तेवढी घेतली जाते.

यातही सावधगिरी हवीच. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने अशाच विचारांची एक परीक्षा २०१३ साली देशभर सुरू झाली. उमेदवाराने आपली पाठयोजना, वर्गातील अध्यापनाचे चित्रमुद्रण आणि मुलांच्या वह्यांचे नमुने त्यावरील आपल्या विवेचनासह पाठवावयाचे, आणि दूरच्या परीक्षकांनी ते तपासावयाचे. कल्पना चांगली, परंतु शुल्क ३०० डॉलर, आणि लिहावयाचे कागद इतके की शिकण्याऐवजी कागद भरण्यातच वेळ जाऊ लागला, अशी तक्रार झाली. पुढे जॉर्जिया, वॉशिंग्टन व न्यूयॉर्क या राज्यांनी तिची सक्ती काढून टाकली. कोणतीही कसोटी घ्या, तिचा आत्मा विसरला गेला की ती पंचपदीच होते. पाहणाऱ्या माणसाची कळकळ आणि सचोटी यांस पर्याय नाही.

आपल्याकडेही बदल येऊ घातले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता असावी असे ठरविले आहे. वर्षे वाढली म्हणजे शिक्षक घडले असे होत नाही, हे आमच्या त्या सहीवरून वाचकांस कळून आले असेल. खोट्या सहीने सोळा आठवडे जसे शून्य होतात, तशी चार वर्षेही होऊ शकतात.

एक वही

सुताराच्या मुलीची हकीकत पुरी केली पाहिजे. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला बोलावून घेतले. "बाळ, कालच्या पाठाविषयी तुझे तुला काय वाटते?" असे विचारता तिने पिशवीतून आपली चिंतन-दैनंदिनी काढून दिली. ही वही प्रत्येक छात्राध्यापकास लिहावी लागते. तीत तिने रात्री लिहिले होते: सरासरी म्हणजे काय हे खडूंनी मुलांस समजले, पण मागील बाकावरील तिघी मुली खडू दिसत नसल्याने गप्प होत्या, पुढील वेळी प्रत्येक गटास चिंचोके द्यावेत, शून्य खडू असलेला एक मुलगा घ्यावयास हवा होता, कारण शून्यही मोजावे लागते हे मुले विसरतात. पानाखाली तांबड्या शाईची एक खूण होती आणि एकच शब्द: पाहिले.

वाचक हो, शिक्षक होण्याची खरी परीक्षा त्या पानावर होती, आणि ती ती उत्तीर्ण झाली होती. परंतु त्या पानास गुण नव्हते.

आमच्या गणिताच्या बाईंनी त्याच आठवड्यात तिला आपला एक तास दिला. निरीक्षक नव्हते, गुण नव्हते. चिंचोके वाटले गेले, एका मुलाच्या हाती मुद्दाम काही दिले गेले नाही. तासाच्या शेवटी दिलेले उदाहरण आठ-दहा मुलांचे तरीही चुकले. तिने त्यांची नावे लिहून घेतली. ती पुढे द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झाली आणि आज एका खेड्यातील सरकारी हायस्कुलात अतिथी शिक्षिका आहे. कायम नोकरी अद्याप नाही. विज्ञानाच्या त्या तरतरीत तरुणास प्रथम श्रेणी मिळाली. त्याच्या अंगी गुण आहेत. कोणी त्यास वेळीच थांबवून जहाजाचा प्रश्न विचारला असता, तर तोही उत्तम शिक्षक होईल. त्यास फसविले ते ४३ गुणांनी.

आता थोडे व्यवहाराचे. ज्या पालकांची मुले बी.एड.ला जाऊ इच्छितात, त्यांनी महाविद्यालयाची फी जशी विचारावी, तसे हेही विचारावे की आंतरवासिता कोणत्या शाळेत असते, आणि तेथे पाहावयास कोण व कितीदा येते. ज्यांची मुले आमच्या शाळेत आहेत त्यांनी सराव पाठांमुळे अभ्यास बुडतो अशी तक्रार जरूर करावी, पण सोबत मुलास आजचा पाठ घरी समजावून सांगावयास लावावे, आणि जे त्यास सांगता आले नाही ते चिठ्ठीवर लिहून पाठवावे. ती चिठ्ठी छात्राध्यापकास कोणत्याही गुणपत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडेल. ज्यांच्या घरी आंतरवासितेच्या महिन्यांत चूल अडते, त्यांनी संकोच न करता आम्हांस येऊन सांगावे. त्यासाठी धर्मग्रामाच्या निधीतून काही रक्कम बाजूस काढण्याचे पॅरिश कौन्सिलने मान्य केले आहे.

पुढील महिन्यात नवे छात्राध्यापक येतील. या खेपेस प्रत्येक वर्गात मागे दोन खुर्च्या ठेवावयास आम्ही सांगितले आहे, एक निरीक्षकांसाठी आणि एक त्या वर्गाच्या शिक्षकांसाठी. प्रमाणपत्रावरील सही आम्हीच करू, पण शेवटच्या बाकावर बसून झाल्यावर. न बसता करावयाची सही मागण्यासाठी यापुढे कोणी आमच्याकडे येऊ नये, ही नम्र विनंती.